सपाट माथ्याचे पिस्टन

दोघा साडूंचं वैर असं, की ते गॅरेजात समोरासमोर आले की कोऱ्या बॅटऱ्याही आपोआप उतरायच्या. शेवटी सासऱ्यानं आपल्या टर्बो गाडीचं इंजिन दोघांपुढं उघडं टाकलं.

"पिस्टन धाकट्यांनी निवडायचे, बसवायचे थोरल्यांनी. गाडी टेकडी चढली तर गॅरेजची किल्ली धाकट्यांची. नाही चढली तर थोरल्यांची."

धाकट्यानं नवे पिस्टन आणले. थोरल्यानं एक हातात घेतला आणि त्याला आभाळ ठेंगणं झालं. व्यास बरोबर, पिनही चपखल. पण जुन्याच्या माथ्यावर वाटीएवढा खळगा होता, आणि हा तव्यासारखा सपाट! बिनटर्बोच्या गाडीचा. टर्बो हवा कोंबून भरतो. खळगा नसला तर ती मावायची कुठं? जोर दिला की पेट्रोल अवेळी भडकणार आणि पिस्टनची चाळण होणार.

"काय न्याहाळताय? बसतो ना?" धाकटा गुरगुरला.

"घरजावयासारखा. फुकट आणि घट्ट."

"आरशात बघून बोलताय वाटतं!"

थोरल्यानं चारही पिस्टन लेकरं पाळण्यात निजवावीत तसे अलगद आत सोडले.

टेकडीपाशी सासरा मागच्या सीटवर बसला. धाकटा स्टिअरिंगकडं सरसावला, तोच म्हातारा म्हणाला, "थोरले, तुम्ही चालवा. मान तुमचा."

थोरल्यानं स्टिअरिंग धरलं. हळू न्यावी तर गाडी चढेल आणि किल्ली जाईल. दाबावं तर इंजिन फुटेल ते आपल्याच पायाखाली. तो गोगलगाय लाजेल अशी गाडी चढवू लागला. एका म्हातारीनं काठी टेकत गाडीला मागं टाकलं, वर वळून "ढकलू का?" असंही विचारलं.

"पाय आहे की लाकूड?" धाकटा खेकसला. "दाबा! का फाटली?"

बस्स. थोरल्यानं पाय पार तळाला नेला. टर्बोनं शिट्टी घातली, पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखा खडखडाट झाला, आणि असा धूर निघाला की टेकडीवरचे पांढरे बगळे तीन पिढ्या काळे जन्मले.

"फोडलंत!" धाकटा किंचाळला.

"मी? सपाट पिस्टन आणलेस, बैला! हातात घेतला तेव्हाच ओळखलं होतं मी!"

बोलून गेला, आणि मागच्या सीटवर कोण बसलंय ते आठवलं.

"ओळखलं होतं," सासरा सावकाश म्हणाला. "तरी माझ्या गाडीत बसवलेत?"

थोरल्यानं हँडब्रेक ओढला.

"धाकट्यांना कळत नाही, ते शिकवता येईल. तुमच्यावर औषध नाही." म्हाताऱ्यानं किल्ली धाकट्याच्या मांडीवर टाकली. "आणि शिकवायचं तुम्हीच. नाहीतर गॅरेजची पायरी चढू नका."

सासरा चालत खाली निघाला. धाकट्यानं किल्ली बोटावर फिरवली.

"हं, गुरुजी, सांगा. खळगा कुठं असायला हवा?"

"माथ्यावर," थोरला दात खात म्हणाला. "तुझ्या आहे तसा. रिकामा."