येल्मरची सहा मिनिटं

"बाबा, तुमच्यासाठी एक जुना सामना शोधून आणलाय," म्हणत मेहुण्यानं, दुर्कनं, टीव्ही लावला, आणि येल्मरच्या तोंडाशी आलेला केक तिथंच थांबला.

येल्मरच्या म्हाताऱ्या बापाचा, खोसेचा, आज नव्वदावा वाढदिवस. तिकडच्या डच रीतीप्रमाणे खुर्च्यांचं रिंगण, आल्या आल्या प्रत्येकाचा हात हातात घेऊन अभिनंदन, मग कॉफी आणि माणशी केकचा एकच तुकडा. या रिंगणातून मधेच उठून जायची सोय नसते.

येल्मर नेदरलँड्सकडून फुटबॉल खेळला होता. एकदाच, शेवटची सहा मिनिटं. गावाला तेवढं पुरलं. त्रेपन्नाव्या वर्षीही बेकरीत त्याला 'आपला इंटरनॅशनल' म्हणत. त्या संध्याकाळी खोसे गोठ्यात धारा काढताना रेडिओ ऐकत होता. शेवटी शेवटी गोल झाला. दुसऱ्या दिवशी फोनवर त्यानं विचारलं, "तो पास तुझाच ना रे?" बापाचा आनंद मोडवेना, म्हणून येल्मर 'हो' म्हणून बसला. पुढे संघानं बोलावलं नाही, गुडघा गेला. ते 'हो' मात्र तीस वर्षं गावभर मिरवत राहिलं.

खोसेला आता दिसत नव्हतं. बाकीच्या अकरा जणांना चांगलं दिसत होतं.

"आला का आपला येल्मर मैदानात?"

"आला, बाबा," बाउक्ये म्हणाली. येल्मरची ही धाकटी बहीण, दुर्कची बायको, तोंडाची भलती फटकळ. भावाच्या लग्नात 'हा झगा तुला शोभत नाही' असं नवरीला तोंडावर सांगणारी.

गोल झाला. पास दुसऱ्याच कुणाचा होता. येल्मरचे कान तापले. आता ही बोलणार!

"दिला का पास?" खोसेनं विचारलं.

सगळं रिंगण कॉफीच्या कपात बघू लागलं.

"दिला, बाबा," बाउक्ये म्हणाली. "झकास दिला."

तिनं चारचौघांत थोबाडीत दिली असती तर बरं, असं येल्मरला वाटलं. त्या बाईनं आजवर कुणाची एवढी कीव केली नव्हती.

खोसेनं टाळ्या वाजवल्या. "पुन्हा लाव रे दुर्क! आणि या खेपेला त्याला सांगू दे. खेळलाय कोण, तो का तू, बाउक्ये?"

"राहू दे ना बाबा," बाउक्ये पुटपुटली. "दादा दमलाय."

"सहा मिनिटांत?"

कुणीच हसलं नाही. दुर्कनं नाइलाजानं पुन्हा लावलं. खोसेनं कान येल्मरकडे केला. खरं सांगायचं तर आत्ताच, हे येल्मरला पक्कं कळत होतं. शरमेनं त्याला मान वर करवेना.

"मी डावीकडे आहे, बाबा," तो म्हणाला. "चेंडू माझ्याकडे येतोय. हा... हा दिला पुढे."

पडद्यावर तेवीस वर्षांचा येल्मर कडेला उभा राहून हात वर करत होता, पुन्हा पुन्हा, आणि त्याच्याकडे कुणी बघत नव्हतं.