पहिला हट्ट

मूल गप्प बसलं की आपण सगळे किती खूश होतो, नाही? पाहुणे म्हणतात, "काय शहाणं बाळ आहे हो! घरात असल्याचा पत्तासुद्धा लागत नाही." आणि आईबापांची मान ताठ होते. या गोष्टीतल्या आईला मात्र ते कौतुक ऐकलं की धडकी भरायची.

आपण तिला आईच म्हणू, जरी आईपण तिच्या पदरात नुकतंच पडलं होतं. परक्या देशातल्या एका बालगृहातून तिनं आणि तिच्या नवऱ्यानं दोन वर्षांची लेक दत्तक घेतली होती. कोर्टाचा शिक्का बसला होता, पण पोरीचा पासपोर्ट मिळेपर्यंत परतीचं विमान काही धरता येत नव्हतं. तोवर मुक्काम दोन भाड्याच्या खोल्यांत, तिसऱ्या मजल्यावर. तळमजल्याला सगळ्या बिऱ्हाडांच्या सामाईक धुण्याच्या मशीन. नवरा दिवसभर कचेऱ्यांचे उंबरे झिजवत होता आणि मदतीला म्हणून त्याची थोरली बहीण, म्हणजे ताई, आली होती.

ताई शाळेत मुख्याध्यापिका. नुसता चष्मा काढून हातात घेतला, तरी अख्खा वर्ग गार पडायचा. मनानं सोनं, पण शिस्त म्हणजे शिस्त! पोरीचं टोपणनाव त्यांनीच ठेवलं होतं: शहाणी.

शहाणी होतीच तशी. बसवलं तिथे बसायची. भरवलं ते गिळायची. दिवा मालवला की भिंतीकडे तोंड करून स्वतःच डुलत डुलत झोपायची. एकदा पलंगावरून पडली, कपाळाला टेंगूळ आलं. उठली, आपल्याच हातानं कपाळ चोळलं आणि पुन्हा खेळायला लागली.

"रडली म्हणून नाही!" ताई म्हणाल्या. "वाघीण आहे वाघीण!"

आईचं काम कमी ऐकू येणाऱ्यांना कानाची मशीन बसवून देण्याचं. तिला वेगळीच शंका आली. तिनं मागून जाऊन हळूच कपावर चमचा वाजवला. पोरीनं लगेच मान वळवली. कान शाबूत होते. मग ही हाक का मारत नव्हती? रात्री जाग आली, तर नुसती डोळे उघडे ठेवून छताकडे का बघत राहायची?

आईनं उचलून घेतलं की ताईंचं सुरू. "ठेव गं खाली. एकदा कडेची चटक लागली की बसशील जन्मभर ओझं वाहत." आई मुकाट्यानं खाली ठेवायची. आपल्याला तरी कुठे अनुभव आहे, असं तिला वाटायचं.

आणखी एक कौतुक होतं. पोर कुणाकडेही जायची. घरमालकाकडे, टपालवाल्याकडे, बाकावर बसलेल्या अनोळखी आजीकडे. ताई तसले व्हिडिओ घरी पाठवायच्या. तिकडे स्वागतसमारंभाचा बेत शिजला होता: विमानतळावरून थेट हॉलवर! दीडशे पानं उठणार. "एकेकाच्या हातून फिरेल, सगळ्यांचा लळा लागेल," ताई म्हणायच्या. "आपल्या शहाणीला काय, कुणीही चालतं!"

कुणीही चालतं. आईच्या काळजात हे वाक्य कुसळासारखं रुतून बसलं होतं.

एका दुपारी ती पोरीला घेऊन खाली कपडे धुवायला गेली. ओले कपडे काढायला मशीनमध्ये वाकली, सरळ झाली, तर बाकावर पोर नाही! दारातून बाहेर बघते तो काय, एक अनोळखी बाई घडी केलेल्या चादरींची पिशवी घेऊन रस्त्यानं चाललेली आणि तिचं बोट धरून आपली लेक! आई ओरडत धावली. बाई दचकून थांबली. भली होती बिचारी. "मला वाटलं, आई पुढे गेली असेल हिची. ही आपण होऊन आली माझ्याबरोबर." मग पोरीकडे बघत तिनं विचारलं, "तुमचीच ना ही?"

पोर आईकडे बघत होती, तशीच त्या बाईकडेही बघत होती. दोघींच्यात काडीचा फरक नव्हता त्या नजरेत!

आईनं लेकीला उचललं ते तीन जिने चढून वर येईपर्यंत खाली ठेवलं नाही. ताईंनी सवयीनं हात पुढे केले. "आण इकडे. दमलीस."

"नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे नाही, ताई. आजपासून हिला भरवणार मी, नाहीतर तिचा बाबा. झोपवणार आम्ही, उचलणार आम्ही. आणि हॉलबिल काही नाही. माझी लेक म्हणजे दीडशे जणांच्या हातून फिरवायला जिंकलेली ढाल नाही!"

"अगं, घरात मी एवढी पोरं वाढवली आणि तू मला..."

"तुमच्याबद्दल माया आहे म्हणूनच तोंडावर सांगते. कुणाला राग आला तर येऊ दे. नाकं मुरडू देत. मी ऐकणार नाही!"

ताईंचा चष्मा हातात आला. पण समोर वर्ग नव्हता. मग त्यांनी हुकमी पत्ता काढला. घरी अप्पांना फोन लावला आणि स्पीकर चालू केला. अप्पा म्हणजे त्यांचे वडील. लहानपणी अप्पा किती गुणी होते, ही त्या घरातली ठरलेली कथा. ताईंनी तीच शाळेत पिढ्यान् पिढ्या ऐकवली होती.

"अप्पा, तुम्हीच समजवा हिला. तुम्ही कसे वाढलात ते सांगा. कधी रडलात? कधी हट्ट केलात?"

पलीकडे अप्पांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "नाही केला. पण मी गुणी नव्हतो गं. घाबरलेला होतो."

"अप्पा?"

"माझी आई गेली आणि मला मामाकडे ठेवलं. माणसं वाईट नव्हती. पण पानात पडेल ते खायचं, दुसऱ्यांदा मागायचं नाही. तापानं फणफणलो तरी पांघरुणात गप्प. सगळे म्हणायचे, पोरगं शहाणं आहे, त्रास देत नाही. अगं, ज्याचं कुणी नाही त्यानं त्रास द्यायचा कुणाला? रडल्याशिवाय आईसुद्धा पाजत नाही म्हणतात. पण रडूनही कुणी येत नाही, हे ज्या लेकराला कळलं, ते रडणंच टाकून देतं. आणि आपण त्याला शहाणपण म्हणतो!"

ताईंनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला.

"आपण देवाशी भांडतो की नाही?" अप्पा पुढे म्हणाले. "रुसतो, अबोला धरतो, का नाही धावलास म्हणून जाब विचारतो. शेजाऱ्याशी करतो का असं? हट्ट आपल्या माणसापाशीच. ही पोर कुणापाशीच हट्ट करत नाही, म्हणजे तिला तिचा देव अजून सापडलेला नाही. तो सापडेपर्यंत बाकीच्यांनी बाजूला व्हा. मीसुद्धा होतो. मी आजोबा आहे, पण मला घाई नाही."

फोन ठेवून ताई एवढंच म्हणाल्या, "बरं. पण लाडावून ठेवलीत, तर माझ्याकडे रडत येऊ नका."

मग आईनं कंबर कसली. कडेवर लेक घेऊन तिनं भांडी घासली, केर काढला. घास भरवताना डोळ्यांत डोळे घालून बसली. रात्री पोर न रडता नुसती जागी झाली, तरी "आहे गं, मी आहे" म्हणत जवळ गेली. संध्याकाळी बाबा आला की तोही असंच करायचा. शेजारच्या बिऱ्हाडातल्या एकानं जिन्यात टोमणा मारलाच, "काय, चिकटवून घेतलीत का?" आई म्हणाली, "हो. डिंक चांगला निघाला तर तुम्हालाही देईन!"

आणि एक दिवस ते घडलं. आई धुतलेल्या कपड्यांची टोपली आणि लेक, दोन्ही घेऊन वर येत होती. दारापाशी किल्ली काढायला तिनं लेकीला क्षणभर खाली ठेवलं.

पोरीनं आधी आईकडे बघितलं. ओठ काढला. आणि मग असा काही टाहो फोडला, की समोरच्या बिऱ्हाडाचं दार उघडलं! ती जिन्यात फतकल मारून बसली, पायातला बूट ओढून काढला आणि भिरकावला. ताई आतून धावत आल्या. हात पुढे झालेच. "ये, ये, शहाणी माझी..."

दुसरा बूट ताईंच्या छातीवर बसला! पोरीनं त्यांचा हात झिडकारला आणि दोन्ही हात वर केले, आईकडे. फक्त आईकडे!

टोपली कलंडली, कपडे पायऱ्यांवरून घरंगळले. आईनं लेकीला छातीशी धरलं. आता दोघीही रडत होत्या. बूट हातात घेऊन ताई उभ्या, आणि त्यांचेही डोळे भरून आलेले.

"मारलं गं मला!" त्या म्हणाल्या. "मुख्याध्यापिकेला बूट मारला हिनं! केवढी ही हिंमत!" आणि खुदकन हसल्या.

पोरीचे हुंदके अजून थांबले नव्हते, तोच ताईंनी घरी फोन लावला. "हॉल रद्द करा. हो, सगळं रद्द. विमानतळावर कुणीही यायचं नाही. ज्याला भेटायचंय त्यानं थांबायचं, आणि ती आपण होऊन जवळ येईपर्यंत तिला उचलायचं नाही. काय? नाही हो, आजारीबिजारी नाही. हट्टी आहे! आमची हट्टी आहे!"

तर मंडळी, पुढच्या वेळी एखाद्या नव्यानं घरी आलेल्या लेकराला शहाणं म्हणण्याआधी जरा थांबा. ते शांत आहे की हरलेलं आहे, तेवढं बघा. त्याच्या आईबापांनी ते तुमच्या हातात दिलं नाही, तर रुसू नका. कोर्टाच्या शिक्क्यानं मूल आपलं होतं, पण आपण त्याचे होतो ते त्याच्या पहिल्या हट्टानं. तो हट्ट ज्या घरात झाला, तिथे देव पावला असं समजा. मग कुणाच्या छातीवर बूट बसला तरी चालेल!