गिऱ्हाईकाचा कॅमेरा

बाबांच्या कॅमेऱ्यावरचं कातडं बदलायचं ठरलं ते त्यांच्या तोंडात त्याचा काळा तुकडा सापडला त्या दिवशी. तोवर ते तुकडे चादरीवर, उशीखाली, चहाच्या कपात सापडत होते आणि ताई हातात झाडू घेऊन माझ्याकडे अशी बघायची, जणू मीच झडतोय.

बाबांचा फोटो स्टुडिओ होता. म्हातारपणी नजर गेली आणि मागोमाग आठवणही पांगली. मला ते कधी दादा म्हणायचे, कधी नुसतं अहो. पण कॅमेरा हातात दिला की शांत. उजव्या अंगठ्याखाली कातडं झिजून पितळ उघडं पडलं होतं, तिथे अंगठा टेकवून बसून राहायचे. दाढी, औषध, जेवण, सगळं आम्ही तेवढ्यात उरकून घ्यायचो. कॅमेरा हातात नसला की भिंती चाचपडत फिरायचे, आणि असेच एकदा पडून कपाळ फोडून घेतलं होतं.

दुरुस्तीवाल्याने आधीच सांगितलं, कातडं पार वाळलंय, अखंड निघायचं नाही. स्पिरिट लावून लाकडी पट्टीने तो खरवडत गेला, खपल्या पडत गेल्या. मग जुना डिंक पुसून, माप घेऊन त्याने नवं रेक्झिन कापलं, चिकटवलं, कडा नखाने दाबून बसवल्या. कॅमेरा असा देखणा झाला की मी वाटभर स्वतःवरच खूश होतो.

बाबांनी तो हातात घेतला. फिरवला. अंगठा इकडून तिकडे गेला, परत आला.

"छान आहे," ते म्हणाले. "कुणाचा?"

तुमचाच, म्हटलं. ते हसले, स्टुडिओत आगाऊ गिऱ्हाईकाला हसायचे तसे. मी त्यांच्या कानाशी धरून खटका दाबून दाखवला. माझाही अस्साच वाजतो, म्हणाले, एकाच बनावटीचे दिसतात. आणि वर ठेवायला सांगितलं, गिऱ्हाईकाच्या वस्तूला उगाच हात लावू नये म्हणून.

लहानपणी याच वाक्यावर आम्ही दोघांनी मार खाल्लाय. माणूस पोरांची नावं विसरला, बायको गेल्याचं विसरला, आणि नेमकं हे तेवढं लक्षात. माझं डोकंच फिरलं. "तुमचाच आहे म्हणतो ना, धरा!" असं ओरडून मी तो त्यांच्या मांडीवर आदळला. बाबांनी दोन्ही हात वर उचलून धरले, कॅमेऱ्याला लागू नयेत म्हणून.

तसाच दुरुस्तीवाल्याकडे धावलो. खपल्या केव्हाच कचऱ्यात गेल्या होत्या. आणि असत्या तरी भुगा काय चिकटवणार होता, असं त्याने विचारलं. बरोबरच होतं त्याचं. शेवटी पॉलिश पेपरचा तुकडा दिला, बघा घासून. मी घरी बसून अंगठ्याच्या जागी पितळ लागेपर्यंत घासलं. बाबांनी बोट फिरवलं आणि त्यांचा चेहराच उतरला.

"अरेरे. खरवडला कुणीतरी. आता त्या माणसाला काय सांगायचं?"

करायला गेलो एक आणि झालं भलतंच. आधी नुसता कॅमेरा हरवला होता, आता वर गिऱ्हाईकाची वस्तू खराब झाल्याची धास्ती. दार वाजलं की विचारायचे, आला का मालक. जेवण सुटलं. परत भिंती चाचपडणं सुरू झालं, आणि मागे हात धरून ताई. आम्ही दोघांनी हात टेकले. ताईच म्हणाली, तूच हो मालक, निदान ही टांगती तलवार तरी जाऊ दे.

मी बाहेर जाऊन दार वाजवलं. घसा खाकरून, आवाज जाड करून म्हटलं, कॅमेरा न्यायला आलोय.

बाबा ताठ बसले. सदऱ्याचं वरचं बटण लावलं. कॅमेरा मागून घेतला, सदऱ्याच्या टोकाने पुसला आणि दोन्ही हातांनी पुढे केला. ओरखडा आमच्याकडूनच पडला असेल, माफ करा, म्हणाले. मी म्हटलं, तो आधीपासूनच होता. तेव्हा कुठे त्यांचे खांदे सैल झाले. इतक्या दिवसांनी त्यांचा चेहरा निवला. मी निघालो, तर त्यांनी खुणेने जवळ बोलावलं.

"एक विचारू?" ते हळूच म्हणाले. "माझाही असाच एक होता. मुलाने कुठेतरी नेलाय."

"मग विचारा की त्याला."

"नको. ओरडतो तो." त्यांनी दाराच्या दिशेने कान देऊन कानोसा घेतला. "तुम्ही विचाराल? मी सांगितलं म्हणून सांगू नका."

विचारतो, म्हटलं.