सातशे भागांची वेणी

मी एक जुनं गंगावन आहे, मित्रांनो. हसू नका. गंगावन म्हणजे काय ते आधी ऐका, मग हसायचं तर हसा. ज्या बाईचे केस आखूड असतात, तिच्या केसांत मला गुंफून लांब वेणी घालतात. इतकं साधं काम. तरी लोक मला काय म्हणतात? खोटे केस! हे ऐकलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. मला तळपाय नाहीत आणि मस्तक नेहमी दुसऱ्याचं असतं, तरी जाते. अहो, माझ्यातला एकेक केस खरा आहे. तो मालनबाईंच्या डोक्यावर उगवला, शिकेकाईनं धुतला गेला आणि जयनगरच्या उन्हात वाळला. खोटं ते दुकानातलं प्लास्टिक. उदबत्ती जवळ नेली की वितळतं मेलं.

मालनबाईंचं घराणं मराठी, पण साडेतीनशे वर्षांपासून बेंगळुरूत राहिलेलं. त्यामुळे घरातल्या मराठीत कानडीचं मीठ पडलेलं. तरुणपणी त्यांचे केस असे होते, की न्हाऊन गच्चीवर सोडले तर टोक खाली अंगणात टेकायचं, आणि शेजारची मांजर त्याला धरून वर यायची. पटत नाही? मग मांजरीला विचारा. विंचरताना गळलेला केस मालनबाई कधी टाकत नसत. बोटाला गुंडाळून त्याची गुंडी करायची आणि पत्र्याच्या डब्यात ठेवायची, ही त्यांच्या आईची शिकवण. अकरा वर्षांनी डबा भरला. मग गंगावनं करणारी एक बाई घरी आली. तिनं तो सगळा गुंता खिळ्यांच्या फळीवरून ओढून ओढून सरळ केला, बुंध्याशी काळ्या दोऱ्यानं आवळला, आणि माझा जन्म झाला. लांबी साडेतीन फूट. मी चार सांगते. तेवढं चालतं.

तेव्हा माझा काय थाट होता म्हणून सांगू! आळीत लग्न ठरलं, की पत्रिका छापायच्या आधी मला निरोप यायचा. मी सत्तावीस नवऱ्यामुलींच्या पाठीवर मिरवले. एका लग्नात तर नवऱ्यामुलानं अंतरपाटावरून नवरीऐवजी मलाच पाहिलं आणि हार माझ्याच गळ्यात घालायला निघाला. सत्तावीस जणींच्या फोटोंत मी आहे, आणि सत्तावीस जणी आपल्या नातवंडांना सांगतात, "माझे केस होते हो असे!" एकीनंही माझं नाव घेतलं नाही.

मग आखूड केसांची फॅशन आली. मला कापराच्या वड्यांबरोबर डब्यात घातलं आणि एकोणीस वर्षं कुणी झाकण उघडलं नाही. उघडलं ते मालनबाईंच्या नातीनं, रक्षितानं.

"अज्जी, हे काय गं? उंदीर मेलाय का?"

"उंदीर तुझा बाप! माझे केस आहेत ते."

रक्षिताचे केस खांद्यापर्यंतच. कॉलेजच्या नाटकांत कामं करायची, उंच होती. जयनगरच्या एका साडीच्या दुकानानं तिला कॅलेंडरसाठी मॉडेल म्हणून बोलावलं होतं, पण मालक म्हणाला, पैठणीवर लांब वेणी पाहिजे. मालनबाईंनी मला उन्हात धरलं, खोबरेल लावलं आणि नातीच्या केसांत स्वतःच्या हातांनी गुंफलं. कॅलेंडर घरोघरी गेलं. मग चौकात मोठा बोर्ड लागला. त्याच्यावर मी चाळीस फूट होते. खालून जाणारे बसवाले मला बघण्यासाठी स्टॉप नसताना थांबायचे.

तो बोर्ड पाहूनच एका चॅनेलनं रक्षिताला कानडी मालिकेत घेतलं. काम थोरल्या सुनेचं. शूटिंग देवनहळ्ळीकडच्या एका भाड्याच्या बंगल्यात. केस बांधणाऱ्या हेमलताअक्का मला रोज असं जपून विंचरायच्या, की मला वाटलं, आपलं सोनं झालं. पण तिथं चॅनेलचे गिरीराज नावाचे एक साहेब होते. त्यांनी पहिल्याच दिवशी नियम केला. सून आनंदात असली की वेणी डाव्या खांद्यावर, रडायचं असलं की उजव्या खांद्यावर, आणि राग आला की मानेला झटका देऊन वेणी मागे फेकायची. फेकली की मागून वाजणार ढाण्ण! आणि तेच दाखवणार तीन बाजूंनी तीनदा. ते सगळे कानडीत बोलायचे, मी तुम्हाला मराठीत सांगते.

एकदा रक्षिता म्हणाली, "सर, इथं मी वेणी न फेकता नुसतं बघितलं तर? तिला एवढा राग आलाय, की ती हलूच शकत नाही, असं."

"नुसतं बघून लोकांना काय कळणार? फेक."

"पण सर, एकदा करून..."

"रक्षिता, तुझ्या तोंडाकडे कोण बघतंय? फेक म्हणतो ना!"

मित्रांनो, मी वेणी असून मला लाज वाटली. मी काम करायला गेले होते, कुणाच्या तोंडावर पडदा व्हायला नव्हे! असे सातशे भाग झाले. घराबाहेरसुद्धा माझ्याशिवाय दिसायचं नाही, असं करारात लिहून घेतलं. ती बिचारी कोथिंबीर आणायलाही मला पाठीवर घेऊन जायची. जयनगरच्या बाजारात एका बाईनं, खरी आहे का बघू म्हणून, मला असं ओढलं, की रक्षिता तीन पावलं मागे आली. वर बाई म्हणते, "बरोबर आहे, खरीच दिसते."

आणि कहर झाला तो चॅनेलच्या समारंभात. रक्षिताला वाटत होतं, यंदा तरी उत्तम अभिनेत्रीचं बक्षीस मिळेल. नाव पुकारलं. ती स्टेजवर गेली. बक्षीस कसलं, तर 'प्रेक्षकांची लाडकी वेणी'! म्हणजे बक्षीस मला. मी उडी मारायला हवी होती, नाही का? पण स्टेजवर हसलेली मुलगी गाडीत बसल्यावर माझं टोक डोळ्यांना लावून रडली. मी ओली झाले. तेव्हा मला कळलं, मी हिचं नाव केलं आणि हिचं कामच गिळून बसले.

त्याच महिन्यात अमृताचा फोन आला. अमृता पुण्याची. कॉम्प्युटरची नोकरी सोडून सिनेमा करायला निघालेली. तिच्या सिनेमात एक ट्रॅफिक पोलीस बाई होती, यशवंतपूरच्या चौकात उभी राहणारी. रक्षिता ऑडिशनला गेली. सोबत मालनबाई, आणि पाठीवर मी.

"रक्षिता, यार, ही वेणी काढशील प्लीज? हॅट बसायला हवी," अमृता म्हणाली.

रक्षितानं मला काढून टेबलावर ठेवलं. सीन असा, की लॉरीवाल्यानं सिग्नल तोडलाय आणि तिनं त्याला अडवायचंय. कॅमेरा सुरू झाला. रक्षितानं रागानं मान वर केली आणि मानेला झटका दिला! हात पाठीमागे गेला, मला शोधायला लागला. मी टेबलावर. हात रिकामाच परत आला.

"इट्स ओके, परत करू," अमृता म्हणाली.

परत तेच. झटका आणि रिकामा हात. रक्षिताचा चेहरा पांढरा पडला. "मला नाही येणार," ती हळूच म्हणाली. "मला दुसरं काही येतच नाही आता."

मित्रांनो, त्या टेबलावर मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. एवढी नाटकात कामं करणारी पोर, आणि तिला आम्ही सगळ्यांनी मिळून काय शिकवलं? मानेचा झटका!

तेवढ्यात मालनबाई उठल्या. "मी स्वल्प बोलू का? रक्षी, परवा पहाटे आपल्या दारासमोर तो स्कूटरवाला फुटपाथवर चढवून माझ्या अंगावर आला, तेव्हा तू काय केलंस?"

"काही नाही गं. नुसती समोर उभी राहिले."

"आणि तो?"

"गेला मागे."

"मग? तेव्हा कुठं वेणी होती? तू नाइटीत होतीस, तेल लावून!"

अमृता फिस्सकन हसली. रक्षितालाही हसू फुटलं. मग तिनं डोळे पुसले आणि जागेवर जाऊन उभी राहिली. मान हलली नाही. तिनं फक्त हात वर केला आणि बघितलं. असं बघितलं, की भिंतीवरच्या घड्याळाचा काटा थांबला. मी स्वतः पाहिलंय. अमृता कॅमेरा बंद करायची विसरली.

काम मिळालं. पण त्यासाठी मालिका सोडायला हवी होती. रक्षितानं गिरीराज साहेबांना सांगितलं, तर ते म्हणाले, "खुशाल जा. वेणी ठेवून जा. ती तुझ्या जागी येणाऱ्या भव्याला लावू. लोक वेणी बघतात, खाली डोकं कुणाचं का असेना!"

ऐकलंत? डोकं कुणाचं का असेना! मला पेटीत टाकून कुलूप लावायचा हुकूम झाला. हेमलताअक्कांनी कुलूप लावलं खरं, पण पेटीत टॉवेल ठेवला आणि मला रक्षिताच्या पिशवीत. दुसऱ्याच दिवशी साहेब जयनगरला हजर.

"अज्जी, ती वेणी कंपनीच्या सामानाच्या यादीत आहे."

मालनबाईंनी त्यांना आधी कॉफी दिली. मग म्हणाल्या, "ते केस माझ्या डोक्यावरून गळलेत. यादीत माझं डोकंही लिहिलंय का? लिहिलं असेल तर तेही घेऊन जा. पण त्याच्याबरोबर तोंड येतं, सांगून ठेवते."

साहेबांनी कॉफी अर्धी सोडली. नंतर भव्याला प्लास्टिकची वेणी लावली म्हणे. ती पहिल्याच झटक्याला टेबलफॅनमध्ये गेली. भव्या वाचली, पंखा गेला.

मग आला शूटिंगचा पहिला दिवस. यशवंतपूरचा चौक, सकाळचे सात. मी मालनबाईंच्या पिशवीतून डोकं बाहेर काढून बघत होते. रक्षिताच्या अंगावर पांढरा शर्ट, डोक्यावर हॅट. आता मागे जायला मालिका नव्हती. इथं चुकली, तर ती जन्मभर वेणीवालीच राहणार होती.

"ॲक्शन!" आणि समोरून लॉरी आली. पण सिनेमाची लॉरी मागेच अडकली होती! ही कांद्यांनी भरलेली, खरी, बाहेरगावची, सिग्नल तोडून सुसाट येणारी. अमृता ओरडली, माणसं पळाली. रक्षिताला वाटलं, हीच आपली लॉरी. ती चौकात उभी राहिली, हात वर केला आणि बघितलं.

ब्रेक असा लागला, की वरचे कांदे पुढे येऊन तिच्या बुटांपाशी ओळीनं उभे राहिले. ड्रायव्हर उतरला. नाव फत्तेसिंग, मिशा एवढ्या मोठ्या. हातात लायसन्स, सगळे कागद, आणि घाम.

"मॅडमजी, गलती हो गई. माफ कर दो."

अमृता धावत आली. "अरे भैया, ये पुलिस नहीं है, हिरॉइन है! शूटिंग चालू है!"

फत्तेसिंगनं रक्षिताकडे एकदा नीट पाहिलं. "झूठ मत बोलो, बहनजी. हिरॉइन ऐसे देखती है क्या?"

कॅमेरा दाखवला, पटेना. मेकअपची पेटी दाखवली, पटेना. शेवटी रक्षितानंच हातानं 'जा' म्हणून खूण केली, तेव्हा कुठं त्यानं लॉरी हलवली.

माझ्याकडे त्या दिवशी कुणी ढुंकून पाहिलं नाही, आणि मला अजिबात राग आला नाही. राग आहे तो बाकीच्यांचा. परवा एका बाईनं रक्षिताची मुलाखत घेतली आणि पहिलाच प्रश्न काय, तर "तुमच्या केसांचं रहस्य काय?" समोर आखूड केस दिसत असताना! तेव्हा मित्रांनो, माझं म्हातारीचं एवढं ऐका. घरात माझ्यासारखं जुनं गंगावन असेल तर त्याला प्लास्टिकच्या पिशवीत कोंबू नका, जीव गुदमरतो. महिन्यातून एकदा तेलाचं बोट लावा. आणि रक्षिता कुठं भेटलीच, तर तिच्या वेणीची चौकशी करू नका. तिच्या डोळ्यांकडे बघा. आणि एवढी हिंमत असेल, तर सिग्नल तोडून दाखवा.