सासऱ्यांची गाडी आणि मी पॉलिशर

घुंऽघुंऽ आवाजाने दचकू नका, मी पॉलिशर बोलतोय. गाडीला पॉलिश करायचं, मेण लावायचं आणि घासून चमकवायचं, हे माझं काम. आवाज मोठा असला तरी स्वभाव गरीब आहे.

माझा जन्म कारखान्यातला. तिथे मला एकच गोष्ट शिकवली : गोल फिरायचं आणि फिरता फिरता जरा डुलायचं. या डुलण्यामुळे गाडीचा रंग फारसा तापत नाही. पण दुकानात माझ्या शेजारी एक दणकट भाऊबंद होता. तो नुसता गरागरा फिरे. जो येई तो त्यालाच उचलून बघे, आणि मी आठ महिने धूळ खात पडलो. चमकवणाऱ्याच्याच अंगावर धूळ! मला फार लाज वाटे.

एका शनिवारी एक जावईबापू धापा टाकत आले आणि कुणी न विचारताच सगळं सांगू लागले. सासरे-सासूबाई प्रवासाला गेले होते. जाताना सासऱ्यांनी आपली लाडकी गाडी यांच्या ताब्यात दिली होती. आज सकाळी बघतात तर दारावर ओरखडा! आणि सासरे उद्या संध्याकाळी परत येणार.

"सात वर्षांत पहिल्यांदा विश्वासाने चावी दिली हो," असं म्हणताना ते अगदी रडवेले झाले.

ओरखड्यात नख अडकतं का, असं दुकानाच्या मालकीणबाईंनी विचारलं. अडकत नव्हतं, म्हणजे निघण्यासारखा होता. पण जावईबापूंना सगळ्यात ताकदवान यंत्र हवं होतं. त्यांनी माझ्या शेजाऱ्याला उराशीच धरलं. आधी कधी असं यंत्र चालवलंय का, असं विचारल्यावर म्हणाले, घरचा मिक्सर मीच चालवतो.

बाईंनी वाद घातला नाही. गाडीचा एक भंगारातला दरवाजा पुढे ठेवला आणि "घ्या करून," असं म्हणाल्या. बटण दाबताच शेजारी जो सुसाट सुटला, तो जावईबापूंना ओढतच. बघता बघता रंग जळाला आणि खालचा पत्रा दिसू लागला. मग बाईंनी मला पुढे केलं.

"हा सावकाश आहे. वेळ लागेल, पण तुमच्या हातून वाटोळं व्हायचं नाही."

हा माझा गौरव होता की त्यांचा अपमान, ते मला अजून कळलेलं नाही. पण मी विकला गेलो, याचा आनंद काय सांगू!

रविवारी सकाळी जावईबापूंनी माझ्या पॅडवर पॉलिश घेतलं आणि दाराला टेकवण्याआधीच मला चालू केलं. निम्मं पॉलिश त्यांच्या चष्म्यावर उडालं. दुसऱ्या खेपेला जमलं, ओरखडाही गेला. पण तेवढीच जागा अशी लखलखली, की बाकीची गाडी कळकट दिसू लागली. हे तर आता रस्त्यापलीकडूनही दिसतंय, असं बायकोने गॅलरीतून सांगितलं. मग काय करता? चारही दारं, बॉनेट, टप, सगळं घासलं. वर मेणाचा हात, मग माझ्या पॅडवर लोकरी टोपी चढवून पुन्हा घासणं. सहा तासांनी जावईबापूंचे हात इतके थरथरत होते, की चहाचा कप धरवेना.

संध्याकाळी मंडळी आली. सासूबाई सामान घेऊन आत गेल्या. सासरे गाडीभोवती फिरले आणि नेमके त्याच दारापाशी थांबले. वाकून बघितलं, बोट फिरवलं.

"इथला ओरखडा कुठे गेला?"

"चुकलं बाबा. कधी लागला, मला कळलंच नाही."

सासऱ्यांनी घराकडे एकदा बघून घेतलं.

"अहो, हळू बोला. तो माझा होता. निघायच्या आदल्या दिवशी मीच गाडी खांबाला घासली. हिला कळलं असतं तर माझं गाडी चालवणंच बंद झालं असतं. म्हणून तर चावी तुम्हाला दिली."

जावईबापू तिथेच पायरीवर बसले.

तेव्हापासून मी सासऱ्यांकडे राहतो. दर पंधरा दिवसांनी मला काम असतं. यांना या वयात स्वच्छतेचं वेड लागलंय, असं सासूबाई कौतुकाने सगळ्यांना सांगतात. खांबाचा विषय मी काढत नाही.

तुम्हाला एवढीच विनंती. पॉलिशर निवडताना त्याची ताकद बघू नका, आपला हात बघा. आणि सासऱ्यांनी आपणहून चावी पुढे केली, तर ती घेण्याआधी गाडीभोवती एक चक्कर मारा.