शेपटीपर्यंतची रेघ

मी एक जुनी लेखणी आहे. माझ्या पोटात शाईचा थेंबही कधी नव्हता, म्हणून हसू नका. ब्रेशा शहरातल्या एका दवाखान्यात मी काळ्या पाटीवर फिरायचे आणि समोरच्या पडद्यावर रेघ उमटायची. माणसाच्या मेंदूत आठवणी सांभाळणारा एक भाग असतो, करंगळीएवढा, वाकडा. एमआरआयच्या चित्रात त्याच्या कडेने रेघ ओढली की त्याचं माप निघतं. ते घटलं, तर आठवणींना ओहोटी लागली असं डॉक्टर समजतात.

मित्रांनो, नऊ वर्षं मी ओर्नेल्लाच्या हातात होते. "हिच्याशिवाय माझा हात चालत नाही," असं ती पाहुण्यांना सांगायची. मला ते खरं वाटायचं.

एर्सिलियाआजी दर वर्षी तपासणीला यायच्या. त्यांचं कासोंचेल्लीचं दुकान होतं. सारण भरलेल्या या पिठाच्या पुरचुंड्या आमच्याकडे गावागणिक निराळ्या, आणि जो तो म्हणतो, आमचीच घडी खरी. रविवारच्या जेवणात त्यावरून माणसं रुसतात. हीच खोड दवाखान्यातही शिरली होती. ओर्नेल्ला त्या वाकड्या भागाची शेपूट जमेस धरून मोजायची. शेजारच्या टेबलावरचा तार्चीझिओ शेपूट सोडून द्यायचा. माझ्या गुरूंनी असंच शिकवलं, असं दोघंही छातीठोकपणे सांगायचे.

पहिल्या वर्षी आजींचं माप ओर्नेल्लाने घेतलं. दुसऱ्या वर्षी ती रजेवर होती, तेव्हा तार्चीझिओने मला उचललं. शेपटीपाशी येऊन तो थांबला. मला पुढे जायची सवय होती, पण माझं कोण ऐकतो? माप पाचव्या हिश्श्याने कमी भरलं.

आजींचा मुलगा फाउस्तोने तो कागद वाचला. मग म्हणाला, "मम्मा, दुकानाची किल्ली दे. आता बस झालं."

"अरे, सारणात मीठ किती ते माझ्या हाताला अजून ठाऊक आहे."

"हाताचं नको सांगूस. हा कागद बघ ना."

आजींनी पर्समधून किल्ली काढली, जरा वेळ मुठीत धरली आणि दिली. त्या दिवशी मला फार वाईट वाटलं.

ओर्नेल्ला परतली. तिला शंका आली. तिने मलाच घेऊन त्याच चित्रांवर शेपटीपर्यंत रेघ ओढली. माप तंतोतंत गेल्या वर्षीइतकंच आलं.

"तू शेपूट सोडलीस," ती तार्चीझिओला म्हणाली.

"आणि तू धरलीस. कुठे लिहिलंय धरावी म्हणून?"

ओर्नेल्लाने दोन्ही मापं पुन्हा शेजारी ठेवून पाहिली. मग तो हळूच म्हणाला, "लेखणी जुनी आहे. टोक झिजलंय, असं सांगू या."

मी ओर्नेल्लाच्या तोंडाकडे बघत राहिले. तिच्या डोळ्यांदेखत मी खरी ठरले होते. तिने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि म्हणाली, "सांग."

मायलेकांना बोलावून तसं सांगितलं गेलं. फाउस्तोने खाली मान घालून किल्ली परत केली. आजींनी मात्र मला उचलून निरखलं.

"ही चुकली म्हणता? माझं लाटणं नाही हो कधी ठरवत, पुरचुंडी केवढी करायची ते."

ओर्नेल्ला कागद सारखे करत बसली.

पुढच्याच आठवड्यात दोघांनी मिळून नियम लिहिला: कुठून सुरू करायचं, कुठे थांबायचं, आणि शेपूट धरायची. भिंतीवर तो अजून आहे. नियम चांगला आहे, मला त्याचा आनंदच आहे. नवी लेखणी आली. मी खालच्या खणात, तुटक्या वायरींमध्ये पडले आहे. माझं टोक अजूनही शाबूत आहे.

मित्रांनो, काहीही मोजायला बसाल तेव्हा कुठून कुठपर्यंत ते आधी सगळ्यांनी मिळून ठरवा. समोर कुणीतरी किल्ली मुठीत धरून उभं असतं. आणि चुकलात, तर स्वतःचं नाव घ्या. मला बोलता येत नव्हतं, म्हणून त्यांनी माझं घेतलं.