छत्रीवाले भावजी आणि दुसरी सुई

"पहिल्या सुईने ओळख होते, दुसरीने ती पक्की होते. दुसरी चुकवायची नाही, कळलं?" लसीकरणाच्या खोलीत बसून नर्स असलेली आई आयुष्यभर प्रत्येक बाळंतिणीला हेच बजावायची. जाण्याआधी लेकीकडूनही तिने तसा शब्द घेतला होता. तेव्हा लेकीचं बाळ पोटात होतं.

आता बाळाच्या दुसऱ्या सुईची वेळ आली आणि मोठ्या वन्सं आडव्या आल्या. नवऱ्याच्या ह्या थोरल्या बहिणीपुढे घरातलं घड्याळसुद्धा जपून टिकटिक करायचं.

"पहिल्या सुईला पोर रात्रभर तापलं. आता परत? नडलंय कुणाचं? आपल्या घराण्याचं रक्तच असं आहे, की जंतू दारातूनच माफी मागून परततो!"

ह्याच घराण्याचा दिवा, म्हणजे नवरा, सर्दीने लाल झालेलं नाक वर्तमानपत्राआड लपवून बसला होता.

तीच लेक, ह्या घरची सून, हळूच म्हणाली, "वन्सं, छत्रीवाले भावजी आठवतात?"

"त्या मेल्याचं नाव काढू नकोस!"

हा त्यांचा लांबचा चुलत भाऊ. पहिल्या खेपेला त्याचे गुण कळायला वन्संना पंधरवडा लागला. तोवर साखरेचा डबा रिकामा झाला होता, गादीला खड्डा पडला होता आणि नवी छत्री गायब.

"आणि दुसऱ्यांदा आले तेव्हा?"

"मिशी काढून आला होता, लबाड! जिन्यात नुसता खोकला, तेवढ्यावर ओळखला. चप्पल काढायच्या आत दार बंद. ही साखळी तेव्हाच बसवली."

"शरीराचंही तसंच, वन्सं. नवा जंतू आला की त्याला नेमकी ओळखणारी पेशी हाती लागायला दिवस जातात. मग तिची फौज वाढते, प्रतिपिंडं सोडते, जंतूला लोळवते. नंतर फौज मोडते, पण थोड्या पेशी डूख धरून बसतात. अगदी तुमच्यासारख्या. लस म्हणजे भावजी नव्हेत, त्यांचा फोटो. तो बघून घर खवळलं, तोच ताप. फोटो पुन्हा दाखवला की डूख मुरतो."

"म्हणजे मी बाळाच्या रक्तात आहे म्हण की!" वन्सं सुखावल्या.

"असालच. पण भावजींचा मेहुणा आला, तो कुठे ओळखू आला? एकाची ओळख दुसऱ्याला चालत नाही. नुसत्या घराण्याच्या रक्ताने भागत नाही, ज्याचा त्याचा फोटो लागतो."

वन्संचा चेहरा उतरला. मेहुण्याने कुकर नेला होता, शिट्टीसकट.

"तो विषय वेगळा," म्हणत त्या स्वयंपाकघरात गेल्या आणि भांडी आपटू लागल्या. "सुई नको म्हणजे नको!"

"ताई म्हणतेय तर पुढच्या महिन्यात बघू की," वर्तमानपत्र म्हणालं आणि शिंकलं.

सुनेने बाळाला दुपट्यात गुंडाळलं, लसीचं कार्ड पिशवीत टाकलं आणि दाराची साखळी अलगद काढली. जिन्यातला खोकला ओळखणाऱ्या कानांना साखळी ऐकू गेली नसेल, हे शक्यच नव्हतं. आतली भांडी क्षणभर थांबली. मग मुद्दाम, आणखी जोरात वाजू लागली.

बाळाला छातीशी धरून ती पायऱ्या उतरू लागली.